48 मिनिटं गप्प बसू द्या



चातुर्मास तोंडावर आला. आता ठिकठिकाणच्या महिला मंडळांच्या मीटिंगा सुरू होतील आणि सामूहिक सामायिकचे कार्यक्रम ठरतील. कुठे लाल चुनडीतली सामायिक, कुठे सासू-सुनेच्या जोडीची, कुठे सामायिकमध्येच प्रश्नमंजूषा, कुठे धार्मिक हाउजी. शेवटी लकी ड्रॉ आणि प्रभावनेत स्टीलचा डबा. व्हॉट्सॲपवर पत्रिका येईल, तिच्यावर संचालन करणाऱ्या ताईंचा फोटो मोठा आणि भगवंतांचं नाव बारीक अक्षरात.

मला याबद्दल स्पष्ट लिहायचं आहे. आपल्या सामूहिक सामायिकमध्ये हल्ली सामायिक सोडून सगळं असतं. याचा दोष मी येणाऱ्या बायकांना देणार नाही. त्या आसन, मुहपत्ती, पूंजणी घेऊन घरातली कामं आटोपून धावत येतात. दोष चालवणाऱ्यांचा आहे. दहा-वीस बायकांना ध्यानाला, चिंतनाला बसवणं हे फार जोखमीचं काम आहे आणि आपण ते हळदीकुंकवाच्या कार्यक्रमासारखं करून टाकलं आहे.

आधी सामायिक म्हणजे काय ते आठवूया. लहानपणी पाठशाळेत शिकलेलं आहे, पाथर्डी बोर्डाच्या परीक्षांना घोकलेलंही आहे. श्रावकाच्या 12 व्रतांमधलं हे नववं व्रत, चार शिक्षाव्रतांमधलं पहिलं. एक मुहूर्त, म्हणजे दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं. ‘करेमि भंते’च्या पाठाने आपण पच्चक्खाण घेतो की एवढा वेळ मी मनाने, वचनाने, कायेने सावद्य काम करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवून घेणार नाही. हा कार्यक्रम नाही, ही प्रतिज्ञा आहे. कार्यक्रमात उशीर झाला, मध्येच उठलं, थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालतं. प्रतिज्ञेत चालत नाही.

या प्रतिज्ञेचे 32 दोष आपल्याकडे मोजून ठेवलेले आहेत. मनाचे 10, वचनाचे 10, कायेचे 12. सामायिक पारताना आपण दर वेळी ते आकडे तोंडाने म्हणतो. पण ते दोष कोणते, हे विचारलं तर बहुतेक जणी कायेचे सांगतात: झोप आली, पाय लांब केले, बोटं मोडली, भिंतीला टेकलं. मनाचे दोष कोणाला आठवत नाहीत. त्यात एक आहे यश-कीर्तीची इच्छा, एक आहे लाभाची इच्छा आणि एक आहे गर्व. ज्यांनी ही यादी केली त्यांना माणसाचं मन पक्कं ठाऊक होतं. धर्म करतानाही माणूस नाव, फायदा आणि मोठेपणा शोधतो, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

आता ही यादी हातात धरून आपला कार्यक्रम तपासा. चातुर्मासात सगळ्यांत जास्त सामायिक करणाऱ्या तीन बहिणींचं बहुमान, नावं फलकावर: हा यशाचा दोष. 11 सामायिक केल्या की डबा, 51 केल्या की कॅसरोल: हा लाभाचा दोष. माझ्या गटात 80 जणी, तिच्या गटात 35: हा गर्व. प्रश्नमंजूषेत आमच्या गटाचं उत्तर आधी आलं होतं, तुम्ही त्यांना गुण कसे दिले: हा वचनाच्या दोषांमधला कलह. हाउजीत हशा पिकतो, तो तिथलाच हास्य नावाचा दोष. जे दोष टाळायला बसायचं, तेच दोष आपण पत्रिकेवर छापून बोलावणं पाठवतो.

माझं बी.कॉम.चं शिक्षण. घरात बसून चाळीस वर्षं झाली, तरी हिशेबाची सवय सुटलेली नाही. म्हणून पुणिया श्रावकाची गोष्ट मला नेहमी हिशेबाच्या अंगानेच आठवते. राजगृहीचा हा गरीब श्रावक कापसाच्या पुण्या करून विकायचा. नवरा-बायको दोघांचं जेमतेम भागेल एवढीच मिळकत. राजा श्रेणिकाला नरकाचं आयुष्य बांधलेलं होतं. ते टाळायचे उपाय त्याने विचारले, त्यातला एक भगवंतांनी सांगितला की पुणियाच्या एका सामायिकचं फळ विकत आण. राजा आनंदला, त्याला वाटलं, गरीब माणूस आहे, मागेल ते देऊ. पण किंमत ठरेना. शेवटी भगवंत म्हणाले की तुझं सगळं राज्य दिलंस तरी ते दलालीलासुद्धा पुरणार नाही.

ही गोष्ट आपण महासतीजींच्या तोंडून दर चातुर्मासात ऐकतो, मान डोलावतो आणि व्याख्यान संपल्यावर मंडळाच्या मीटिंगमध्ये 11 सामायिकला एक डबा असा भाव ठरवतो. मगधाच्या राजाला जी किंमत परवडली नाही, ती आपण भांड्यांच्या दुकानात घाऊक दराने ठरवून आलो!

प्रभावना वाटू नये असं मी म्हणत नाही. प्रभावना ही आपली जुनी रीत आहे. धर्माला आलेल्या साधर्मिकांचा आदर करायचा म्हणून ती देतात. पण आदर सगळ्यांचा सारखा असतो. आकड्यांवर दिलं की ती प्रभावना राहत नाही, तो मोबदला होतो. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली आहे. प्रभावना वाटायला सुरुवात झाली की उशिरा आलेल्या बहिणी घाईघाईने सामायिक पारतात. 48 मिनिटं ज्याच्या त्याच्या पच्चक्खाणापासून मोजायची असतात. जी दहा मिनिटं उशिरा बसली, तिची दहा मिनिटं उशिरा पुरी होणार. पण दारात डबे वाटले जात असताना ती एकटी कशी बसून राहील? वेळेआधी सामायिक पारणं हाही दोष आहे, तो पारण्याच्या पाठातच सांगितलेला आहे. त्या बिचारीला दोषात कोणी ढकललं? ज्यांनी दारात टेबल मांडलं त्यांनी.

आता संचालिकेकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे.

आपल्याकडे चांगली संचालिका म्हणजे जी थांबत नाही ती. 48 मिनिटं तिचा आवाज चालू. आधी स्तवन, मग दोन सुविचार, मग एक गोष्ट, मग ‘आता डोळे मिटा’. डोळे मिटले की मोबाइलवर बासरी आणि त्यावर तिचा आवाज: पांढरा प्रकाश बघा, तो कपाळातून आत येतोय, आता पालिताण्याचा डोंगर बघा, पायऱ्या चढा, थंड वारा अनुभवा. पाच मिनिटांत डोळे उघडायचे आणि टाळ्या. विजेची साधनं सामायिकमध्ये चालतात की नाही यावर संतांमध्येच मतं वेगळी आहेत, त्या वादात मी पडत नाही. माझी तक्रार माइकपेक्षा त्यातून येणाऱ्या अखंड आवाजाबद्दल आहे. दुसऱ्याच्या शब्दांमागे मन धावत राहिलं तर ते स्वतःकडे कधी वळणार?

स्वाध्यायाचे पाच प्रकार आपण पाठ केलेले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचणं, विचारणं, पुन्हा पुन्हा म्हणणं, मनात घोळवणं, सांगणं. आपल्या मंडळांत वाचना होते, प्रश्नोत्तरं होतात, थोकडे पाठ होतात, धर्मकथा तर भरपूर होते. फक्त अनुप्रेक्षा होत नाही. पाचपैकी हा एकच प्रकार असा आहे की जो दुसऱ्या कोणाला माझ्यासाठी करता येत नाही, आणि त्यालाच आपण वेळ ठेवत नाही.

भगवान महावीरांनी दीक्षेनंतर साडेबारा वर्षं साधना केली, त्यातला बहुतेक काळ मौनात आणि कायोत्सर्गात गेला. उपदेश नंतर सुरू झाला. आपल्याकडे कायोत्सर्ग सामायिकच्या विधीत आहे, प्रतिक्रमणात आहे. पण सामूहिक सामायिकमधला कायोत्सर्ग किती वेळ टिकतो? संचालिका खाकरते, तेवढा. आणि मग आपल्याच मुली-सुना शांतता शोधायला इगतपुरीला जातात. सत्यनारायण गोयंकांचं विपश्यना केंद्र तिथे 1976 पासून आहे. दहा दिवस मौन, फी नाही, बक्षीस नाही, मोबाइल जमा. त्यासाठी लोक नंबर लावतात. मी इगतपुरीला जाऊ नका म्हणत नाही. पण तिथून आलेली सून जेव्हा म्हणते की मम्मी, आपल्याकडे असं काही का नाही, तेव्हा मला उत्तर देणं जड जातं. आपल्याकडे आहे, पण आम्ही त्यावर हाउजी खेळतो, असं सांगू का? तेरापंथाने 1970 नंतरच्या काळात आचार्य तुलसी आणि महाप्रज्ञजींच्या मार्गदर्शनाखाली प्रेक्षाध्यान उभं केलं, त्यात कायोत्सर्ग आणि श्वासाकडे बघणं शिकवतात. म्हणजे आपल्याच घरातली वस्तू पुसून स्वच्छ करून वापरता येते, हे आपल्याच लोकांनी दाखवलेलं आहे.

संचालिकेने कमी बोलावं याचं आणखी एक कारण आहे. तिच्यासमोर कोण बसलं आहे, हे तिला माहीत नसतं. चंदनबालाजी आणि मृगावतीजींची कथा आठवा. चंदनबालाजी 36,000 साध्वींच्या प्रमुख. एकदा मृगावतीजींना समवसरणातून परत यायला रात्र झाली, तेव्हा चंदनबालाजींनी त्यांना समज दिली. मृगावतीजींनी प्रत्युत्तर केलं नाही. त्या स्वतःच्याच दोषाचं चिंतन करत बसल्या आणि त्याच रात्री त्यांना केवलज्ञान झालं. अंधारात चंदनबालाजींच्या हाताजवळून साप जात होता, तो मृगावतीजींना दिसला आणि त्यांनी हात उचलून बाजूला ठेवला. एवढ्या काळोखात साप दिसला कसा, हे विचारता विचारता चंदनबालाजींना सगळं उमगलं. आपण केवलींची आशातना केली या पश्चात्तापात त्यांनाही केवलज्ञान झालं.

36,000 साध्वींच्या प्रमुख, पण शिष्या आपल्या पुढे गेली हे त्यांना शिष्येने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मग तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून आलेल्या आपल्या ताईंना समोरच्या ओळीतली कोण कुठे पोचली आहे, हे कसं कळणार? कोपऱ्यात बसलेल्या, कधी न बोलणाऱ्या, हाउजीत न खेळणाऱ्या आजीबाई चाळीस वर्षं पहाटे सामायिक करत असतील. त्यांना आपण प्रकाश कसा बघायचा ते शिकवतो. गट चालवणाऱ्या बाईने स्वतःला गुरू समजू नये, द्वारपाल समजावं. बाहेरचा गोंधळ आत येऊ द्यायचा नाही, वेळ सांभाळायची, पाठ शुद्ध म्हणायचा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

हे सगळं कोणाला भोगावं लागतं, ते सांगते. दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, संघाचं नाव सांगत नाही. आमच्या ओळखीतली एक बहीण, नवरा जाऊन तीन महिने झाले होते. घरी सासूबाई आजारी, त्यांना विसरण्याचा आजार, दिवसभर टीव्ही मोठ्या आवाजात लागतो. तिला आम्ही आग्रह करून सामूहिक सामायिकला नेलं. त्या दिवशी विषय होता ‘आनंदी जीवनाच्या सात चाव्या’. प्रत्येकीने उठून आपल्या सुखी संसाराचं एक रहस्य सांगायचं होतं. ओळीत तिचा नंबर आला. ती उठली, माइक हातात घेतला आणि काहीच न बोलता खाली बसली. संचालिका हसत म्हणाली, ‘लाजल्या वाटतं!’ सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात तिला बोलवायला गेले तर ती म्हणाली, ‘मावशी, घरी टीव्ही, तिथे माइक. मी स्वयंपाकघराचं दार लावून बसते, तेच बरं आहे.’

ती पुन्हा आली नाही. हे मंडळातल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्या आठवड्यात एकूण संख्या वाढलेली होती. आकडे मोजण्यात हाच धोका असतो. बेरीज वाढत असताना कोण गळलं हे दिसत नाही. आणि गळतात त्या बहुधा ज्यांना शांततेची सगळ्यांत जास्त गरज असते त्याच. आपल्या बायकांच्या दिवसात स्वतःची म्हणावी अशी वेळ असते कुठे? सकाळचा चहा, डबे, गोचरीचा योग, कामवाली, दुपारी कोणाची तरी औषधं, संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवणं. या सगळ्यातून काढलेली 48 मिनिटं ती आपल्या हातात सोपवते. ती वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर मला जी उत्तरं मिळतात, ती मला पाठ झाली आहेत.

पहिलं उत्तर: आकर्षण ठेवलं नाही तर नव्या सुना येणार नाहीत. मी म्हणते, डब्यासाठी आलेली सून डबा बंद झाला की जाणारच. शिवाय आजच्या सुना नोकरी करतात, स्वतःच्या पैशाने हवा तो डबा घेतात. त्यांना मिळत नाही ती शांतता. इगतपुरीला नंबर लावणाऱ्या याच सुना आहेत ना?

दुसरं उत्तर: प्रश्नमंजूषेने ज्ञान वाढतं. वाढत असेल. मग सामायिक पारल्यावर घ्या. अर्धा तास घ्या, हसा, खेळा, बक्षिसं द्या, चहा प्या. माझी हरकत नाही. दूध आणि लिंबू दोन्ही चांगलं, म्हणून एका पेल्यात ओतत नाहीत.

तिसरं उत्तर: शांत बसवलं की बायका झोपतात. झोपतील. दिवसभर राबलेल्या आहेत. ‘तस्स उत्तरी’च्या पाठात शिंक, खोकला, जांभई, चक्कर या सगळ्यांची सूट आधीच दिलेली आहे. शरीर शरीरासारखं वागणार, हे आपल्या आचार्यांनी धरलेलंच आहे. झोप हा दोष आहे, पण त्यावर उपाय बडबड नाही. पाठ ताठ ठेवायला सांगा, लागलं तर उभ्याने कायोत्सर्ग करायला सांगा, वेळ दुपारच्या जेवणानंतरची न ठेवता सकाळची ठेवा.

चौथं उत्तर सगळ्यांत वाईट: आपल्या बायकांना कुठे ध्यान जमतं! हे पुरुष पदाधिकारी म्हणतात आणि आपल्यातल्याही काही जणी म्हणतात. भगवंतांच्या संघात श्रावक 1,59,000 आणि श्राविका 3,18,000 सांगितल्या आहेत, बरोबर दुप्पट. त्या काय हाउजीला आल्या होत्या? आणि ध्यान जमत नाही असं कोण म्हणतं? आपण रोज ध्यान करतो. शास्त्रात ध्यानाचे चार प्रकार आहेत: आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. मुलगी सासरी सुखात असेल ना, रिपोर्ट काय येईल, जाऊबाई असं का बोलल्या, या एकाच विचारावर आपण रात्र रात्र मन टिकवतो. ते आर्तध्यान आहे. मन एका जागी धरायची ताकद आपल्यात आहेच, फक्त ते कुठे धरायचं हे बदलायचं आहे. आणि हे वळण देणं, हेच गट चालवणाऱ्या बाईचं काम.

ते काम कसं करावं, हेही सांगते. नुसती टीका करणं सोपं असतं.

गट लहान ठेवा, बारा-पंधरा जणींचा. सगळ्या एकाच ओळीत किंवा गोल बसतील, चालवणारीसुद्धा. तिच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळं आसन नको. आळीपाळीने दर आठवड्याला दुसरीने चालवावं. मोबाइल बाहेर ठेवावेत, वेळेसाठी वाळूचं घड्याळ पुरे. फोटो काढायचाच असेल तर पारल्यानंतर.

पच्चक्खाण झाल्यावर पहिली 10 मिनिटं कायोत्सर्ग: शरीर सैल, श्वासाकडे लक्ष. मग 5 मिनिटं चालवणारीने एका भावनेवर वाचावं किंवा बोलावं. मग 15 मिनिटं त्याच भावनेचं मौन चिंतन. नंतर 10 मिनिटं मनातल्या मनात नवकार. शेवटची 8 मिनिटं प्रत्येकीने आपला आदला आठवडा तपासायचा. झाली 48. मधल्या सूचनांना दोन मिनिटं धरली तरी चालवणारीचा आवाज सात मिनिटं, बाकी 41 मिनिटं शांतता. भावना 12 आहेत, अनित्य, अशरण, संसारपासून पुढे. चातुर्मासाचे साधारण 17 आठवडे असतात. दर आठवड्याला एक घेतली तरी सगळ्या होऊन पाच आठवडे उरतात.

भावनेवर बोलताना पांडित्य नको, घरातलं एक वाक्य द्यावं. अनित्य भावना असेल तर म्हणावं: मी लग्न होऊन ज्या घरात आले, तेव्हा पंगतीला कोण कोण बसायचं आणि आज कोण बसतं, ते आठवा. अन्यत्व भावना असेल तर: गुडघा दुखतोय हे मला कळतंय, मग ज्याला कळतंय तो आणि गुडघा एकच आहेत का? एवढं बोलून गप्प बसावं. पुढचं काम ज्याचं त्याने करायचं.

शेवटच्या 8 मिनिटांसाठी पुन्हा पुणियाच आठवावा. एकदा सामायिकमध्ये त्याचं मन लागेना. त्याने आसन बदललं नाही की पद्धत बदलली नाही. बायकोला विचारलं की आज घरात काही अनीतीचं आलं का. तिला आठवलं, शेजारणीची एक गोवरी चुकून आपल्या गोवऱ्यांत आली होती. एका गोवरीने मन अस्थिर झालं! मन लागत नाही म्हणून कोणी आली, तर तिला नवा श्वासाचा प्रकार शिकवण्याआधी हे विचारायला लावावं, तेही मनातल्या मनात: कामवालीची सुट्टी कापून पगार दिला का, नणंदेचा फोन मुद्दाम उचलला नाही का, कोणाची वस्तू आपल्याकडे राहिली आहे का. गटासमोर कबुली देण्याची काही गरज नाही.

आणि एक गोष्ट चालवणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. शांततेत कधी कोणाला रडू येतं. तेव्हा लगेच उठून पाठीवर हात फिरवू नका, माइकवर ‘बघा, किती भाव जागले’ असं म्हणू नका. तिला रडू द्या. पारल्यावर सगळ्या गेल्या की शेजारी बसा, पाणी द्या, तिला बोलायचं असेल तर ऐका आणि ते घरी नेऊन सांगू नका. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतं, असं ती म्हणाली तर वाट बघू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला सांगून तिला लगेच डॉक्टरकडे न्या. सामायिकने समता येते, पण सामायिक हे औषध नाही, आणि गट चालवणारी बाई डॉक्टर नाही.

मैत्रिणींनो, येत्या मीटिंगमध्ये हात वर करून चारच गोष्टी मागा. सामायिकची मोजणी आणि बक्षिसं बंद. प्रश्नमंजूषा आणि हाउजी पारल्यानंतर. प्रभावना शेवटच्या बहिणीची सामायिक पुरी झाल्यावर, सगळ्यांना सारखी. आणि 48 पैकी निदान अर्धी मिनिटं पूर्ण शांतता. याला एक रुपया खर्च नाही, उलट डब्यांचे पैसे वाचतील, ते एखाद्या साधर्मिक बहिणीच्या मुलाच्या फीला उपयोगी पडतील.

या लेखाने कोणाचं मन दुखावलं असेल तर संवत्सरीची वाट न बघता आजच खमावते. मुद्दा मात्र मागे घेत नाही. जी बहीण स्वयंपाकघराचं दार लावून बसते, तिला परत बोलवायला मला जायचं आहे, आणि तिला सांगण्यासारखं काहीतरी आधी आपल्याकडे असायला हवं.

जय जिनेंद्र.